ओटीत हात न लावता सीटी-एमआरआय बघायचं: साध्या वेबकॅमवर जेश्चर कंट्रोल बसवायची पूर्ण रीत

ऑपरेशन थिएटरमध्ये (ओटीत) ऑपरेशन चालू आहे, सर्जन स्क्रब झालेत, म्हणजे हात निर्जंतुक करून गाऊन-ग्लोव्हज चढवलेत, आणि मध्येच सीटीमधली ती एक स्लाइस (शरीराच्या एका कापाचं चित्र) परत बघायचीय. मग सुरू होतं, "मामा, जरा पुढे घ्या... अजून... अहो थांबा, गेलं ते, मागे मागे." मामा, म्हणजे वॉर्डबॉय, माउस फिरवतात बरोबर, पण नेमकं कुठल्या रक्तवाहिनीपाशी थांबायचंय हे त्यांना कसं कळणार. मग फ्लोअरवरच्या सिस्टर हातातलं काम टाकून येतात, नाहीतर सर्जन वैतागून ग्लोव्हज काढतात, स्वतः बघतात आणि परत हात धुऊन नवा गाऊन चढवतात. गाऊनची कड हातात धरून तिच्यातून माउस फिरवणारे पण आहेत, त्याबद्दल तर न बोललेलंच बरं.

कॅमेऱ्यासमोर हात हलवून चित्रं पुढेमागे करायची सोय आता फार महाग राहिलेली नाही. बरा वेबकॅम, एक पीसी, आणि पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा येणारं कुणीतरी, एवढ्यात होतं. हॉस्पिटलचे बायोमेडिकलवाले, आयटीवाले किंवा हौशी रेसिडेंट यांच्यासाठी खाली सगळं क्रमाने लिहितोय. आधीच सांगून ठेवतो, कॅमेऱ्याला हात ओळखायला लावणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे, डोकं लागतं ते कॅमेऱ्याने हाताकडे कधी *बघायचं नाही* हे ठरवायला. सर्जनचे हात तासन्‌तास हलत असतात आणि त्यातली जवळजवळ कुठलीच हालचाल स्क्रीनसाठी नसते.

आधी काय झालंय आणि काय विकत घेऊ नका

कल्पना जुनी आहे. २००८ च्या सुमारास संशोधक हुआन वाक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जेस्टिक्स नावाची सिस्टीम वॉशिंग्टन हॉस्पिटल सेंटरमध्ये मेंदूच्या बायोप्सीच्या वेळी वापरून दाखवली. मग नोव्हेंबर २०१० ला मायक्रोसॉफ्टचा किनेक्ट हा हालचाल ओळखणारा कॅमेरा आला, तो होता खरा एक्सबॉक्सवर गेम खेळायला, पण २०११ मध्ये टोरांटोच्या सनीब्रुक हॉस्पिटलमध्ये तो ओटीत पोचला सुद्धा, आणि २०१२ मध्ये लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये रक्तवाहिन्यांच्या ऑपरेशनला त्याची ट्रायल झाली. २०१३ मध्ये लीप मोशन आला, टेबलावर ठेवायची छोटी डबी, आत दोन इन्फ्रारेड कॅमेरे.

या सगळ्या गोष्टींचा एक वैताग म्हणजे त्या बंद पडतात. किनेक्टचं उत्पादन २०१७ ला थांबलं, त्याच्यानंतरचा अझ्युअर किनेक्ट २०२३ ला. दंडावर बांधून स्नायूंचे सिग्नल वाचणारा मायो नावाचा पट्टा होता, तो २०१८ ला गेला. लीप मोशन पुढे अल्ट्रालीप कंपनीकडे गेला आणि त्याचं दुसरं मॉडेल २०२३ ला आलं. तेव्हा जुन्या बाजारात किनेक्ट स्वस्तात मिळतोय म्हणून उचलू नका, उद्या बिघडला तर दुसरा आणणार कुठून. साधा यूएसबी वेबकॅम कुठल्याही दुकानात मिळतो, गेला तर तासाभरात दुसरा लावता येतो, म्हणून मी त्याच्याच बाजूने आहे. अपवाद एकच, तो उजेडाच्या भागात सांगतो.

पायरी १: खरंच लागतंय का ते बघा

हर्निया आणि अपेंडिक्सच जास्त होत असतील तर हे करूच नका. लिव्हर, स्वादुपिंड, किडनीतला ट्यूमर, मेंदू, मणका, गुंतागुंतीचं फ्रॅक्चर, जिथे सर्जन एका ऑपरेशनमध्ये अनेकदा मान वर करून स्क्रीन बघतात तिथेच याचा उपयोग. बाकी ठिकाणी माउसवर लॅपरोस्कोपीच्या कॅमेऱ्याचं स्टराइल कव्हर चढवलं की काम भागतं. फूट पेडल हा पण पर्याय आहे, पण पायाखाली आधीच कॉटरीचं (विजेने कापायच्या-जाळायच्या यंत्राचं) पेडल, कधी सी-आर्मचं (ओटीतल्या एक्स-रे मशीनचं), त्यात अजून एक टाकलं तर चुकीच्या पेडलवर पाय पडायची भीती. आवाजावर चालवणं ऐकायला भारी वाटतं, पण तोंडावर मास्क, सक्शनचा घरघराट, आणि अर्धं मराठी अर्धं इंग्रजी बोलणं, त्यामुळे मी त्या वाटेला जात नाही.

पायरी २: आधी चित्रं आवरून घ्या

ही पायरी सगळे गाळतात आणि मग जेश्चर नीट चालत नाही म्हणून बोंबलतात. हिशोब करून बघा. छाती-पोटाचा सीटी साधारण ६० सेंमी लांबीचा धरा, १ मिमीची सिरीज (एकाच जाडीच्या स्लाइसचा संच) उघडली तर झाल्या ६०० स्लाइस. सर्जनचा हात आरामात वरखाली फिरतो तो २० सेंमीच्या आसपास. म्हणजे हात १ सेंमी हलला की ३० स्लाइस उडणार, आणि तासभर काम केलेला हात स्थिर धरला तरी थोडा थरथरतोच. कितीही भारी सॉफ्टवेअर आणा, यातून नेमकी स्लाइस पकडता येणार नाही.

तीच ५ मिमीची सिरीज घेतली तर १२० स्लाइस, म्हणजे सेंमीला ६. हे हाताला झेपतं. स्कॅन सेंटरच्या सीडीवर बहुतेक दोन्ही सिरीज असतात, नसतील तर सेंटरला फोन करून ५ मिमीची मागवून घ्या, आणि जो भाग बारीक बघायचाय तेवढ्याचीच पातळ सिरीज वेगळी काढून ठेवा. एमआरआयच्या एका सिरीजमध्ये सहसा मोजक्याच स्लाइस असतात, तिथे हा त्रास कमी.

सीडीबरोबर जो व्ह्यूअर (चित्रं बघायचं सॉफ्टवेअर) येतो त्याच्या भरवशावर राहू नका, अँटीव्हायरस त्याला ऐनवेळी अडवतो. आदल्या दिवशी सगळं आपल्या व्ह्यूअरमध्ये इम्पोर्ट करून घ्या. विआसिस आणि थ्रीडी स्लायसर फुकट आहेत, मॅक असेल तर हॉरॉस, आणि रेडिअँट आपल्याकडे बऱ्याच डॉक्टरांच्या हातात बसलेला आहे. कुठलाही चालेल, अट एवढीच की स्लाइस पुढेमागे करणं आणि विंडो (हाड, फुप्फुस की मऊ ऊती, काय स्पष्ट दिसावं याचं चित्राचं सेटिंग) बदलणं कीबोर्डवरून जमलं पाहिजे. सर्जनना आदल्या संध्याकाळी दहा मिनिटं बसवा, पाहिजे ती सिरीज, पाहिजे तेवढा झूम, पाहिजे ती बाजू लावून ठेवा. जेवढं इथे ठरेल तेवढं ओटीत कमी करावं लागतं.

पायरी ३: चारच खुणा

झूम, पॅन, माप घेणं, थ्रीडी फिरवणं, सगळं पाहिजे असं पहिल्या मीटिंगला सगळेच म्हणतात. ऐकून घ्या आणि चारच द्या.

उघडा पंजा कॅमेऱ्याकडे करून एक सेकंद स्थिर धरला की सिस्टीम जागी होते. अंगठा आणि तर्जनी चिमटीसारखी जुळवून हात वरखाली केला की स्लाइस पुढेमागे, चिमटी सोडली की जिथे आहे तिथेच थांबायचं. दोन बोटं वर करून धरली की पुढची विंडो. मूठ आवळली की कुलूप, म्हणजे सिस्टीम परत झोपते.

विंडो फक्त सीटीसाठी ठेवा आणि तीनच फिरवा: मऊ ऊतींसाठी रुंदी ४०० मध्य ४०, फुप्फुसासाठी रुंदी १५०० मध्य उणे ६००, हाडासाठी रुंदी १८०० मध्य ४०० च्या आसपास. एमआरआयला असे ठरलेले आकडे चालत नाहीत, तिथे ती खूण बंदच ठेवा.

आता काय घ्यायचं नाही. तर्जनीने बोट दाखवणं ही खूण म्हणून कधीच घेऊ नका, कारण सर्जन रेसिडेंटला शिकवताना स्क्रीनकडे बोट दाखवूनच बोलतात. अंगठा वर करणं पण नको, भूलतज्ज्ञांना "झालं, ठीक आहे" हे तसंच सांगतात. दोन्ही हातांची खूण नको, एका हातात रिट्रॅक्टर किंवा गॉज असतोच. आणि मोठा हात फिरवून स्वाइप तर अजिबात नको. गाऊन स्टराइल धरला जातो तो पुढून छातीपासून टेबलाच्या पातळीपर्यंत, हात खांद्याच्या वर गेला किंवा बाजूला फेकला गेला आणि शेजारच्या असिस्टंटच्या टोपीला लागला की ज्या कारणासाठी हा सगळा खटाटोप केला तेच फुकट. सगळ्या खुणा छाती आणि कमरेच्या मधे, कोपर अंगाजवळ ठेवून झाल्या पाहिजेत.

पेशंट बदलणं, चित्र उलटं-सुलटं करणं, काही पुसणं हे कुठल्याच खुणेला जोडायचं नाही. चित्र आडवं उलटलं आणि कुणाच्या लक्षात आलं नाही तर डावी-उजवी बाजू बदलते, याच्यावर चर्चा नको.

पायरी ४: कुलूप, म्हणजे खरं काम

सुई धरलेला नीडल होल्डर, फोर्सेप्स, टाक्याचा दोरा, हे सगळं धरलेला हात कॅमेऱ्याला चिमटीसारखाच दिसतो. म्हणून सिस्टीम कायम बंद अवस्थेत असली पाहिजे आणि बंद असताना तिने फक्त एकच गोष्ट शोधायची, स्थिर उघडा पंजा. एक सेकंद कमी वाटत असेल तर दीड करा, पण अर्ध्यावर आणू नका, "सिस्टर, गॉज द्या" म्हणून हात पुढे केला तरी पंजा उघडाच असतो.

जागी झाल्यावर ज्या हाताने जागी केली त्याच हाताचं ऐकायचं, दुसऱ्या कुणाचा हात मधे आला तरी त्याच्याकडे बघायचं नाही. आठ-दहा सेकंद काही झालं नाही तर आपोआप कुलूप. हात चौकटीबाहेर गेला तरी कुलूप, लगेच. आणि नियम म्हणून सांगून ठेवा की हातातलं हत्यार सिस्टरकडे दिल्याशिवाय पंजा दाखवायचा नाही.

सिस्टीम जागी आहे की झोपली आहे हे दोन मीटरवरून दिसलं पाहिजे. स्क्रीनच्या कडेला जाड पट्टी ठेवा, बंद असताना राखाडी, चालू असताना हिरवी. बीप वगैरे आवाज देऊ नका, भूलतज्ज्ञांच्या मॉनिटरचे आवाज तिथे आधीच आहेत आणि ते जास्त महत्त्वाचे आहेत.

पायरी ५: सॉफ्टवेअर

गूगलची मीडियापाइप ही लायब्ररी (तयार कोडचा संच) फुकट आहे. ती आधी फ्रेममध्ये तळहात शोधते, मग त्यावर २१ बिंदू बसवते: ० म्हणजे मनगट, ४ अंगठ्याचं टोक, ८ तर्जनीचं टोक, ९ मधल्या बोटाचं मूळ. एकदा हात सापडला की पुढच्या फ्रेममध्ये सगळं पहिल्यापासून शोधत बसत नाही, त्यामुळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या पीसीवर पण पळते. उघडा पंजा, मूठ आणि दोन बोटं या खुणा तिच्या तयार मॉडेलमध्ये आहेतच, चिमटी तेवढी आपण मोजायची.

चिमटी मोजताना ४ आणि ८ मधलं अंतर थेट घेऊ नका. सर्जन अर्धं पाऊल मागे गेले की हात लहान दिसतो आणि अंतर पण लहान होतं. ते अंतर भागिले ० ते ९ मधलं अंतर असं करा, म्हणजे तळहाताच्या मानाने किती ते कळतं. चिमटी लागली हे ०.३ च्या खाली माना आणि सुटली हे ०.४५ च्या वर. दोन्हीला एकच आकडा ठेवला तर सीमेवर चिमटी लागते-सुटते-लागते आणि चित्र नाचतं. हे आकडे सुरुवातीचे आहेत, तुमच्या सर्जनच्या हातावर थोडे इकडे तिकडे करावे लागतील.

थरथर घालवायला वन युरो फिल्टर लावा. २०१२ चा आहे, कोड जेमतेम पानभर, आणि गंमत अशी की हात सावकाश चालला असेल तर तो जास्त गुळगुळीत करतो आणि हात झपकन गेला तर कमी, त्यामुळे थरथर जाते पण चित्र मागे रेंगाळत नाही. शेवटच्या दहा फ्रेमची सरासरी काढायची सोपी वाट बरेच जण धरतात, तिच्यात उशीर जाणवतो.

एक खोच आहे. डावा हात की उजवा हे मीडियापाइप चित्र आरशासारखं उलटं आहे असं धरून सांगते. तुम्ही कॅमेऱ्याचं चित्र न उलटता दिलं तर डाव्याला उजवा म्हणेल. हात लक्षात ठेवायचं लॉजिक यावर बेतलेलं असेल तर हे आधी तपासा, उगाच दिवसभर बग शोधत बसाल.

मग खुणेवरून व्ह्यूअरला कीबोर्डची की पाठवायची, पायथनमध्ये पायऑटोगुई या लायब्ररीने होतं. पण की जाते ती समोर असलेल्या खिडकीला, आणि विंडोजने मधेच अपडेटची पाटी वर आणली तर बाण त्या पाटीला जाणार. म्हणून प्रत्येक की पाठवायच्या आधी व्ह्यूअरच समोर आहे का तपासायचं, नसेल तर काही पाठवायचं नाही आणि पट्टी लाल करायची. मॉडेलची फाइल एकदा उतरवून घ्या, सगळ्या लायब्ररींच्या आवृत्त्या गोठवा, आणि मशीन इंटरनेटपासून तोडा. कॅमेऱ्याची एकही फ्रेम डिस्कवर साठवायची नाही, टेस्टिंगला म्हणून सुद्धा नाही, फ्रेममध्ये पेशंट असतो.

पायरी ६: कॅमेरा आणि उजेड

कॅमेरा मॉनिटरला जोडून, थोडा खाली झुकवून, सर्जनपासून मीटर-सव्वा मीटरवर. टेबलाच्या वर, स्टराइल फील्डवर काही लटकवायचं नाही, लॅमिनार फ्लोच्या (ओटीतल्या गाळलेल्या हवेच्या झोताच्या) वाटेत पण नाही. वायर जमिनीवरून आडवी टाकू नका, कुणीतरी ट्रॉली घेऊन अडकणारच.

उजेडाने मात्र खरा छळ होतो. ओपन ऑपरेशनमध्ये ओटी लाइट पूर्ण जोरात पेशंटच्या पोटावर असतो आणि सर्जनचा हात त्या झोताच्या जरा बाहेर, कॅमेरा ऑटो एक्स्पोजरवर असेल तर तो त्या पांढऱ्या झोताला बघून सगळंच काळं करतो आणि हात दिसेनासा होतो. एक्स्पोजर हाताने लॉक करा, झोत जळालेला दिसला तरी चालेल, आपल्याला हात हवाय. लॅपरोस्कोपीत उलटं. खोलीतले दिवे बंद, कॅमेरा शटर जास्त वेळ उघडं ठेवतो आणि हलता हात फराटा होऊन दिसतो. इथे वेबकॅम हात टेकतो, तुमच्याकडे लॅपरोस्कोपी जास्त असेल तर लीप मोशनसारखा स्वतःचा इन्फ्रारेड उजेड टाकणारा सेन्सर घ्या. मात्र जुने हॅलोजन ओटी लाइट स्वतःच भरपूर इन्फ्रारेड ओकतात, तिथे तो आंधळा होऊ शकतो, तेव्हा घ्यायच्या आधी मागून आणून तुमच्याच दिव्याखाली लावून बघा.

कॉटरी चालू झाली की यूएसबी कॅमेरा तुटून परत जोडला जाणं हा अजून एक प्रकार. वायर शक्य तितकी आखूड आणि शिल्डेड घ्या, फेराइट (वायरीवर बसवायचा, विजेचा गोंगाट अडवणारा मणी) लावा, कॉटरीच्या वायरपासून लांब न्या, आणि कॅमेरा तुटला तर प्रोग्राम बंद न पडता स्वतः परत जोडून *कुलूप लावलेल्या अवस्थेत* सुरू झाला पाहिजे.

पायरी ७: कोरडी तालीम

केसेस नसताना ओटीत सगळे दिवे लावून, टोपी, मास्क, गाऊन आणि तुम्ही वापरता तेच ग्लोव्हज घालून करा. हात ओळखणारं मॉडेल उघड्या हातावर सहज चालतं म्हणून ग्लोव्हजवर चालेलच असं नाही, पांढरट लेटेक्स वेगळं, निळं नायट्राइल वेगळं, त्यावर लाल रंग फासलेला हात अजून वेगळा. तिन्ही बघा.

पण तालमीचा मोठा भाग हा की स्क्रीनसाठी एकही खूण करायची नाही. अर्धा तास सर्जन आणि असिस्टंटने खोटं ऑपरेशन करायचं: हत्यारं मागायची, गाठी मारायच्या, हात छातीशी बांधून उभं राहायचं, स्क्रीनकडे बोट दाखवून गप्पा मारायच्या, एकमेकांच्या समोरून हात न्यायचे. या अर्ध्या तासात चित्र एकदाही आपणहून हललं नाही तर पुढे जा. एकदा जरी हललं तर कुलपाकडे परत. खुणा दिल्यावर काम झालं की नाही हे त्यानंतर मोजा, एखादी खूण दोनदा करावी लागली तर सर्जन कुरकुरतील पण बिघडत काही नाही.

पायरी ८: प्रत्यक्ष केसच्या दिवशी

जागतिक आरोग्य संघटनेची ऑपरेशनची सेफ्टी चेकलिस्ट बहुतेक ठिकाणी भिंतीवर लावलेली असते. विदर्भात मूळ असलेले डॉ. अतुल गावंडे यांच्या पुढाकाराने ती झाली. त्यात टाइम-आउटच्या वेळी, म्हणजे चीर द्यायच्या आधी सगळे थांबून तपासतात तेव्हा, एक प्रश्न आहेच, गरजेची इमेजिंग समोर लावली आहे का. आपलं काम तिथेच चिकटवा. पेशंटचं नाव, तारीख, बाजू मोठ्याने वाचायची, मग एकदा पंजा, चिमटी, मूठ करून बघायचं. चाललं नाही तर त्या केसला ते बंद, माउस आणि मामा. माउस काढून ठेवायचा विचार कधीच करू नका, आणि फ्लोअरवरच्या सिस्टरना सिस्टीम एका बटणात बंद कशी करायची हे दाखवून ठेवा. सुरुवातीच्या केसेस साध्या निवडा, रक्तस्रावाची भीती असलेल्या नको.

परवानगीचं काय

हॉस्पिटलच्या व्यवस्थापनाकडून लेखी परवानगी घ्या, आणि यावर पेपर लिहायचा असेल तर आधी एथिक्स कमिटी. हे आधीच रिपोर्ट झालेलं चित्र परत बघायचं साधन आहे, ओटीतल्या टीव्हीवर बघून नवं निदान करायचं नाही. आणि चांगलं चाललंय म्हणून शेजारच्या हॉस्पिटलला विकायचा मोह झाला तर थांबा, भारतात मेडिकल डिव्हाइस रूल्स २०१७ आहेत, आणि १ एप्रिल २०२० पासून वैद्यकीय कामाचं सॉफ्टवेअर पण मेडिकल डिव्हाइसच्या व्याख्येत येतं, तो रस्ता सीडीएससीओकडून (केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेकडून) जातो.

देखभाल फारशी नाही. ओटी फ्युमिगेशनला (औषधाची वाफ सोडून जंतू मारायला) जायच्या आधी कॅमेरा काढून बाहेर ठेवा, नाहीतर लेन्सवर थर बसतो आणि दुसऱ्या दिवशी सगळे सॉफ्टवेअरला शिव्या घालतात. परत लावताना कोन बदलतो, म्हणून स्टँडवर मार्करने खूण करा आणि लावल्यावर पंजा दाखवून एकदा बघा.